पाच ओंजळी

लिंबाजीची बैलगाडी अंगणाबाहेर थांबली, तेव्हा धुरपताबाई धाकट्या जावेच्या, मनकर्णाच्या लुगड्यांचं बोचकं सोडत होती. बोचकं बायनाबाईनं सकाळीच बांधून उंबऱ्याशी ठेवलं होतं. पोरीला ठेवायचं की बापासंगं, लिंबाजीसंगं माहेरी धाडायचं, ह्याचा फैसला भावकी दुपारी करणार होती, पण बायनाबाईच्या मनात तो कधीच होऊन बसला होता.

“उगं कामून सोडायलीस?” बायनाबाई दारातूनच म्हणाली. “भावकी उठली की पुन्हा बांधावं लागंल.”

“लागलं तर बांधू, आत्याबाई. हात माझेच झिजतेल.”

बायनाबाई ही धुरपताची चुलतसासू, आश्रुबाची बायको. घरात खरे सासू-सासरे उरले नव्हते. त्यामुळे वडीलकीचा मान आश्रुबाकडं आणि त्या मानाचा मलिदा बायनाबाईकडं. तिची भाची वालूरला लग्नाची होऊन बसली होती, आणि मनकर्णाच्या नवऱ्यासाठी, मुंजाजीसाठी दुसरी बायको बघायची वेळ आली तर लांब जायची गरज नव्हती. हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं, आणि सगळी भावकी मूग गिळून होती.

धुरपताबाईनं लुगडी वलणीवर टाकली आणि आत गेली. मनकर्णा चुलीपुढं बसली होती, पण भाकरी थापत नव्हती. तिच्या मांडीवर मुंजाजीची हॉकीची काठी होती आणि फडक्याच्या बोळ्यानं ती तिला जवसाचं तेल चोळत होती. लग्नाच्या महिन्यात नवऱ्यानं तिला एवढं एकच काम शिकवलं होतं. लाकूड वाळू द्यायचं नाही, वाळलं की तडकतं. तो सिकंदराबादच्या दवाखान्यात पडून होता तेव्हाही तिनं हे काम चुकवलं नव्हतं. खेळणारा पुन्हा उभा राहील की नाही ह्याची खात्री कुणालाच नव्हती, ही मात्र काठी तयार ठेवत होती.

“बापाला पाणी दे जा,” धुरपताबाई म्हणाली.

“कंच्या तोंडानं जाऊ, बाई? त्यो मला न्यायला आलाय.”

“बोलावला म्हून आलाय. उन्हातून आलेलं मानूस हाय, आधी पाणी दे.”

मनकर्णा तांब्या घेऊन गेली. धुरपताबाई तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिली आणि तिच्या मस्तकात तिडीक उठली. काय गुन्हा होता ह्या पोरीचा? मागच्या वैशाखात ती पेडगावाहून लग्न होऊन पिंगळीला आली, आणि ह्या चैत्रात मुंजाजीच्या गुडघ्यात नारू निघाला. एवढाच.

मुंजाजी सिकंदराबादला रेल्वेच्या संघातून खेळायचा. सेंटर फॉरवर्ड. पिंगळीच्या स्टेशनामागं मेंढरं राखताना बाभळीच्या वाकड्या फांदीनं ज्यानं खेळ सुरू केला, त्या पोराचं नाव हैदराबादच्या उर्दू अखबारात आलं होतं, आणि ते वाचून घ्यायला आश्रुबा स्वतः परभणीला गेला होता. तेव्हा ‘आमचा मुंजा’ म्हणताना म्हाताऱ्याची छाती अंगरख्यात मावत नव्हती. पुढच्या साली ऑलिंपिक होतं. त्यासाठी माणसं निवडायच्या शिबिराचं बोलावणं मुंजाजीला आलं. शिबिराला दीड महिना होता, त्याआधी चार दिवस घरी जाऊन यावं म्हणून तो आला आणि गुडघ्याच्या कडेला फोड उठला. फोड फुटला तेव्हा आत नारूचा पांढरा धागा दिसला.

नारू काढायची रीत सोपी आहे, फक्त धीर लागतो. धाग्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन बोटं, तेवढाच, बाहेर घ्यायचा. घाईनं ओढला तर तो तुटतो आणि उरलेला आत सडतो. हे पिंगळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुरपताबाई रोज सकाळी दिराचा पाय मांडीवर घेऊन काडी फिरवायची. आईमागं तिनंच त्याला वाढवला होता, त्याचे पाय तिला नवे नव्हते. नारू अर्ध्याच्या वर आला. पण तो पुरता निघायच्या आधीच शिबिराचा दिवस आला. एका सकाळी ती पाण्याला गेली असताना तिच्या नवऱ्यानं, दत्तरावानं, भावाची गयावया ऐकून काडीला हिसका दिला.

मग पाय फुगला, ताप चढला, आणि शिबिराच्या गाडीऐवजी मुंजाजी दवाखान्याच्या गाडीनं गेला. शिबिरात त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. अखबारात दुसऱ्याचं नाव आलं. ह्याच जागेवर आधी खेळणाऱ्या खाजाचा घोटा मोडला होता आणि तो आता त्याच मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, हे मुंजाजी पूर्वी हसून सांगायचा. काल कुबड्यांवर पिंगळीच्या स्टेशनावर उतरला तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं खाजाचंच नाव निघालं, आणि ह्या वेळी तो हसला नाही.

हिसका दिला दत्तरावानं. पण घरच्या कर्त्या पुरुषाचा हात चुकला असं कोण म्हणणार? वड्याचं तेल वांग्यावर काढायला बाहेरून आलेली पोर बरी.

लिंबाखाली घोंगड्या अंथरल्या होत्या. मधोमध आश्रुबा बसला होता. त्याच्या उजव्या पावलावर चिंधी होती, कारण त्याला जवळजवळ दर उन्हाळ्यात नारू व्हायचा. मुंजाजी बाजेवर, एक पाय ताठ पुढं करून. दत्तराव खाली मान घालून मातीत काडी ओढत होता. लिंबाजी पटका मांडीवर ठेवून कडेला बसला होता, आणि पोरीनं दिलेला तांब्या त्यानं अजून हातातच धरला होता.

“लिंबाजी पाव्हणं, मामला साफ हाय,” आश्रुबा म्हणाला. “तुमच्या पोरीवर आमचा राग न्हाई. पर तिचा पायगुण आमच्या घराला सोसला न्हाई. वालूरच्या देवऋषीनं कौल लावला. पोरगी पिंगळीची शीव ओलांडून गेली की मुंजाचा गुडघा मोकळा व्हतो, असं निघालं.”

“मालक, तिनं काय केलं तेवढं तिच्या तोंडावर सांगा,” लिंबाजी म्हणाला. “मग नेतो.”

“करायला कशाला पायजे? तिच्या येण्यानंच झालं.”

“बरोब्बर वरसानं,” दारातून बायनाबाईनं पुस्ती जोडली. “वैशाखात आली अन् चैतात दणका बसला.”

आश्रुबानं पुतण्याकडं पाहिलं. “दत्तराव, तू घरातला थोरला. बोल.”

दत्तराव काय बोलणार? मेंढरं चुलत्याशी सामायिक होती आणि चराईची रानं चुलत्याच्या शब्दावर मिळत होती. “तात्या म्हणतेल तसं,” तो म्हणाला आणि काडी मोडून टाकली.

दाराआड उभ्या असलेल्या धुरपताबाईनं पदराचं टोक दातात धरलं. मेंढराला काटा रुतला तर रात्र रात्र जागणारा हा माणूस, भावजयीसाठी त्याला एक शब्द सापडेना.

“मुंजा, तुझं काय म्हणणं?”

मुंजाजीनं ताठ गुडघ्यावर तळवा ठेवला. मग त्यानं विचारलं, “गुडघा खरंच मोकळा व्हईल का, तात्या?”

धुरपताबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. ज्याच्यासाठी ती पोर काठीला तेल लावत बसली, तो तिचा सौदा करायला निघाला होता. मग मात्र तिनं उंबरा ओलांडला. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती घोंगड्यांच्या कडेला येऊन उभी राहिली.

“मामा, मला बोलायचंय.”

सासऱ्यासमान माणसापुढं, तेही भरल्या भावकीत, सुनेनं तोंड उघडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

“आत जा,” दत्तराव हळूच म्हणाला.

“जाते की. भावजींला दोन गोष्टी इचारते अन् जाते.” ती बाजेकडं वळली. “भावजी, तिकडं तुमी पाणी कशाचं पेता?”

“नळाचं. कामून?”

“अन् नारू निघायच्या आधी पिंगळीचं पाणी ह्या तीन वरसांत कवा पिलात?”

“लग्नाला आलतो तवा. त्याच्याबिगर सुट्टी कुटं मिळती?”

“डॉक्टरनं तुमाला नारूचं काय सांगितलं? काल स्टेशनावरून येताना मला सांगितलात, तेच समद्यांला सांगा.”

मुंजाजी कुरकुरला. “जाऊ द्या ना, वैनी.”

“सांगा.”

“पाण्यानं व्हतो म्हणला. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात पडला की त्याची पिलं पाण्यात सुटत्यात. पाण्यातले बारीक किडे ती खात्यात. ते पाणी न गाळता पिलं की पोटात जात्यात, अन् मग वरसाभरानं नारू बाहीर येतो.”

“डॉक्टरला काय कळतंय,” आश्रुबा म्हणाला. “नारू म्हंजी शीर हाय. अंगातल्या उष्णतेनं सुटती.”

“वरसाभरानं म्हणला का?” लिंबाजीनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक होता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

“व्हय, वरसाभरानं,” धुरपताबाई म्हणाली. “घरातल्या रांजणात पाणी पडतं ते फडक्यातून गाळून. माझ्या सासूनं लावून दिलेली रीत हाय, समद्या बाया गाळत्यात. मग भावजी, लग्नाच्या महिन्यात न गाळलेलं पाणी तुमी कुटं पिलात?”

उत्तर द्यायची गरज नव्हती. अंगणात बसलेला प्रत्येक पुरुष आपापल्या लग्नात तिथं उभा राहिला होता. ह्या भावकीत हळद उतरली की नवरदेवाला मेंढरांच्या वाड्याजवळच्या बारवेवर, पायऱ्यांच्या विहिरीवर नेत. तो शेवटच्या पायरीवर उतरायचा. भावकीतला वडील माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याला आपल्या हातानं पाच ओंजळी पाणी पाजायचा. हे पाणी पिलेला पोरगा कितीही लांब गेला तरी घरी परत येतो, असं म्हणत. त्या पाण्याला फडकं लावणं म्हणजे देवावर संशय घेणं.

“मामा, तुमच्या पायाला त्याबी उन्हाळ्यात नारू होता,” धुरपताबाई म्हणाली. “आग व्हती म्हून तुमी रोज बारवेच्या पायरीवर पाय बुडवून बसायचात. महिना महिना बसलात. लग्नात तर तुमाला चालता येत न्हवतं, पोरांनी खांद्यावर घालून बारवेत उतरवलं. पाण्यात तुमीच उभं राह्यलात. ओंजळ तुमीच दिलीत.”

आश्रुबाचा हात नकळत पावलावरच्या चिंधीकडं गेला आणि तिथून झटक्यात मागं आला.

“म्हंजी माझ्या भावाच्या लेकराला मी इख पाजलं म्हणायलीस?”

“तसं म्हणत न्हाई. तुमाला ठावं न्हवतं, मलाबी न्हवतं. पर त्या दिवशी ही पोर पेडगावात हळद लावून बसली होती. तिनं आपली बारव डोळ्यानं बगितली न्हवती. अन् तुमी गाडीत घालायलाव तिला. ह्यो कंचा न्याय, मामा?”

“बास कर,” दत्तराव म्हणाला.

“तुमचंबी उरलंय,” ती नवऱ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. “महिनाभर मी काडी फिरवली. हिसका तुमी दिलात. मनकर्णानं न्हाई. आज तात्या म्हणतेल तसं म्हणायला तुमची जीभ उचलली तरी कशी?”

“चारचौघांत नवऱ्याची इज्जत काढायलीस,” बायनाबाई दारातून म्हणाली. “भली बाई हायेस.”

“पोरीची काढायलाव तवा हेच चारचौघं बसले होते, आत्याबाई.”

दत्तरावानं मान वर केली. त्याचा चेहरा काळवंडला होता. “हिसका म्याच दिला,” तो म्हणाला. “त्यो रडायला लागलता, गाडी चुकंल म्हणून. मला बगवलं न्हाई. अन् आज तोंड उघडवलं न्हाई.” एवढं बोलून तो घोंगडीवरून उठला आणि लिंबाजीच्या शेजारी, मातीत जाऊन बसला.

आश्रुबा म्हातारा असला तरी इतक्यात हार मानणारा नव्हता. पडलो तरी नाक वर, ही त्याची जुनी खोड. “समदं खरं धरलं,” तो म्हणाला. “पाणी माझं, हिसका दत्तरावचा. तरी कौल खोटा ठरतो का? पाय मोकळा व्हायची एक वाट असली तर ती बंद कामून करावी? मुंजा, तकदीर तुझी हाय. तूच फैसला दे.”

सगळ्यांनी बाजेकडं पाहिलं. मुंजाजी मात्र दाराकडं बघत होता. दारात बायनाबाईच्या मागं मनकर्णा उभी होती. हातात काठी तशीच होती, खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

“डॉक्टरनं अजून एक सांगितलंय,” मुंजाजी म्हणाला. “ते वैनीलाबी सांगितलं न्हाई. गुडघ्यात हाडाला हाड चिकटलंय. ह्यो पाय पुन्हा वळायचा न्हाई. ह्या जन्मात न्हाई.”

हे धुरपताबाईला खरोखरच ठाऊक नव्हतं. दिवाळीपर्यंत पाय वळायला लागेल म्हणून कालपासून ती मनात दिवस मोजत होती.

“मग त्या कौलाचं कामून इचारलास?” दत्तरावानं विचारलं.

“वाटलं, डॉक्टर चुकला असंल. मैदानावर उभं राह्यलं की पन्नास हजार माणूस वरडतंय, दादा. ते गेलं म्हणायला जीभ वळत न्हाई. पोरगी घालवून पाय येत असंल तर येऊ दे, असं आलं मनात.” त्यानं डोळे मिटले आणि उघडले. “लय हलकट झालो मी. नारूनं न्हाई झालो, त्या कौलानं झालो. तात्या, ती शीव ओलांडून काशीला गेली तरी ह्यो गुडघा असाच राहणार. माझा खेळ तुमी पाण्यात घालवला, दादानं ओढून घालवला, म्या रडून घालवला. आता बायकोबी घालवू का?”

लिंबाजी उठला. त्यानं पटका डोक्याला गुंडाळला, तांब्यातलं पाणी एका दमात प्याला, गाडीपाशी जाऊन बैल सोडले आणि त्यांच्यापुढं कडब्याची पेंढी टाकली. फैसला असा कुणी सुनावलाच नाही. माणसं एकेक करून घोंगड्या झटकत उठली.

आश्रुबा जाता जाता थांबला. “पोरगी ठेवा नायतर डोक्यावर घ्या,” तो म्हणाला. “पर बारवेला कुणी बोल लावायचा न्हाई. पायरीबी तीच राहणार अन् पुढच्या लग्नाला ओंजळबी तशीच.” आणि काठी टेकत तो घराकडं गेला.

हे मात्र धुरपताबाईला सोसवलं नाही. एवढं सगळं ऐकूनही ज्याला पोराच्या पायापेक्षा आपली पायरी मोठी वाटते, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मेंढरं रानातून परतायला अवकाश होता. तिनं मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाचा बाभळीच्या काट्यांचा झापा उचकटला, दावं बांधलं आणि तो बारवेकडं ओढायला लागली. थोड्या वेळानं दावं हलकं झालं. मागून मनकर्णा दुबेळक्या, दोन फाट्यांच्या लाकडानं झापा रेटत होती. दत्तराव कुडाशी उभा राहून बघत होता. मग त्यानंही दुसरा झापा काढला.

दोन्ही झापे बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडावर गच्च बसवले. वरच्या अंगाला जुन्या मोटेचं थारोळं, मोटेचं पाणी पडायची दगडी जागा होती. तिथून दोर सोडून पाणी शेंदता यायचं, पण आयत्या पायऱ्या असताना ती तसदी आजवर कोण घेत होतं? मनकर्णानं कासऱ्याला घागर बांधली आणि सोडली. मुंजाजी कुबड्यांवर तिथवर आला होता, थारोळ्याच्या दगडावर पाय लांब करून बसला होता.

“काठीला आज तेल लावलंस?” त्यानं विचारलं.

“लावलं.”

“उद्यापासून नको लावू. कशाला पायजे आता?”

“लावणार,” मनकर्णा घागर ओढता ओढता म्हणाली. “तुमी खेळा नायतर नका खेळू. तडकू देणार न्हाई.”

दिवस कलताना आश्रुबा आला. पावलाची आग त्याला घरात बसू देत नव्हती. त्यानं झाप्यांकडं पाहिलं, मग सुनेकडं.

“झापा काढ.”

“न्हाई, मामा.”

“बारव माझ्या आज्यानं खणलीय.”

“व्हय. म्हून तर बंद केली.”

त्यानं काठीनं काटे ढकलून पाहिले. एक फांदी हलली आणि पुन्हा जागेवर आली. तो दत्तरावाकडं वळला, तर दत्तराव दुसरीकडं बघत होता. मुंजाजीकडं पाहिलं, पण त्या ताठ पायावर त्याची नजर ठरेना. पाऊल ठणकत होतं आणि म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं.

मनकर्णानं एक घमेलं आणून बारवेपासून लांब, वाटेच्या कडेला ठेवलं. घागर त्यात उपडी केली आणि पदर सावरून बाजूला झाली.

“मामा, पाय ह्यात बुडवा,” ती म्हणाली.

आश्रुबानं काठी बाजूला ठेवली. मग तो खाली बसला, चिंधी सोडली आणि पाय पाण्यात सोडला. पाय निवेपर्यंत ती जवळच उभी राहिली. तो उठल्यावर तिनं घमेलं उचललं आणि ते पाणी लांब, खडकाळ माळावरच्या निवडुंगाच्या बुडाशी नेऊन ओतून टाकलं.